हवामान धोरणाच्या चर्चेत आदिवासींचे हक्क कुठून येतात?

हवामानबदल हा वीज, कारखाने आणि कार्बनचा विषय, त्यात आदिवासींच्या हक्कांचं काय काम, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात राहतो आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या गावांना वनहक्काचे दावे तयार करायला मदत करतो. म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं सांगतो.

भीमाशंकरच्या बाजूच्या गावांत महादेव कोळी आदिवासी घरांना रोख पैसा मिळतो तो बऱ्याच अंशी हिरड्यातून. कोवळी फळं झोडून आणायची, अंगणात काळी पडेपर्यंत वाळवायची, मग तो बाळहिरडा व्यापाऱ्याकडे जातो. वर्षाचं तेल-मीठ, पोरांच्या वह्या-पुस्तकं त्यातून निघतात. साहजिकच ही झाडं लोक जिवापाड जपतात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि त्यांतली कितीतरी उन्मळून पडली. पण हिरडा हे ना पेरलेलं पीक, ना लावलेली फळबाग, त्यामुळे भरपाईसाठी लोकांना पुढे काही वर्षं आंदोलनं करावी लागली. नुकसानीचे निकष ठरवताना या माणसांना कुणी विचारलं असतं, तर ही वेळच आली नसती. धोरणात आदिवासींचा सहभाग हवा असं म्हणतात, तो यासाठी.

दुसरी बाजू जंगल राखण्याची. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर तो मिळाला, तरी स्वतःचा बांबू विकायला लागणारे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती पडायला २०११ उजाडलं. कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असं होत नाही, हे इकडेही रोज दिसतं. दाव्यासाठी शिवार फिरताना म्हातारी माणसं प्रत्येक ओढ्याचं, टेकाडाचं नाव सांगतात, जुनी वहिवाट कुठून होती ते दाखवतात. नियमांप्रमाणे त्यांचा जबाब हा पुरावा आहे. तरीही कार्यालयात विचारतात, ‘कागद कुठाय?’ याचा मला फार राग येतो.

जागतिक पातळीवर चित्र थोडं सुधारलंय. हवामानबदलावरच्या पॅरिस कराराच्या कलम ७ मध्ये अनुकूलनासाठी, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी, आदिवासींच्या पारंपरिक ज्ञानाचा आधार घ्यावा असं म्हटलंय. २०१८ मध्ये पोलंडमधल्या कातोवित्सेच्या हवामान परिषदेत आदिवासींच्या ज्ञानाला जागा देण्यासाठी १४ जणांचा कार्यगट ठरला, ७ सरकारांचे आणि ७ आदिवासींचे. पण वाटाघाटींत निर्णय सरकारंच घेतात.

त्यामुळे माझ्या मते खरी कसोटी ग्रामसभेच्या संमतीची. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १२ ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. डोंगर वाचला. उलट २०२२ च्या वनसंवर्धन नियमांपासून केंद्र अंतिम मंजुरी देऊन मोकळं होतं आणि वनहक्कांची पूर्तता राज्याने नंतर बघायची. मंजुरी देऊन टाकल्यावर घेतलेली संमती काय कामाची? सौर प्रकल्प असो, धरण असो की भरपाई म्हणून केलेली झाडांची लागवड, जमीन याच लोकांची जाते. तेव्हा एखादा ‘हरित’ प्रकल्प जाहीर झाला की आधी एवढंच विचारा: तिथल्या ग्रामसभेचा ठराव झालाय का, आणि तो कोणत्या तारखेचा?