वहीची झेरॉक्स निघते, पेटीची नाही

इंदूर, गुरुवार रात्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला तेव्हा भजन आटोपून नुकतीच घरी येत होते. तुमच्या ब्लॉकचेनच्या, म्हणजे सगळ्यांनी मिळून ठेवलेल्या त्या डिजिटल हिशेबवहीच्या, नेटवर्कमध्ये दोन तट पडलेत, येत्या आठवड्यात वेगळं व्हायचं ठरलंय, आणि दोन्हीकडचे तुला विचारताहेत, तू कुणाकडे? तू मला विचारतेस, "मावशी, बरोबर कोण आहे ते सांग." ते काही मी सांगणार नाही. फी कशी आकारावी यावर तुम्ही सहा महिने भांडताय, त्यात मी आता तोंड घालणं म्हणजे दुसऱ्याच्या घरच्या वाटण्यांत शेजारणीनं बोलणं. पण एक फूट मी फार जवळून पाहिली आहे, तिच्याबद्दल लिहिते.

१९९८ साल. मी तेव्हा बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते आणि गुरुवारी संध्याकाळी राजवाड्यामागच्या आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवायची. आम्ही बावीस जणी. भांडण चालींवरून. काहींना सिनेमाच्या चालीवर अभंग बसवायचे होते, काहींना ते ऐकवतसुद्धा नव्हतं. वर्षभर धुसफूस चालली, मग एके दिवशी नऊ जणी म्हणाल्या, आम्ही आमच्या वेगळ्या बसतो.

मंडळाची एक वही होती. खतावणीसारखी लांबट, जाड पुठ्ठ्याची, दोनशे बारा पानं भरलेली, तीन पिढ्यांची अक्षरं त्यात. आरतीच्या पानावर समईचं तेल सांडून रुपयाएवढा डाग पडलेला. त्या नऊ जणींतली एक, माझी अगदी जिवाभावाची मैत्रीण, वही पिशवीत घालून खजुरी बाजारात गेली आणि दुपारभर दुकानात बसून पानन् पान झेरॉक्स करून आली. तेलाचा डाग झेरॉक्समध्ये काळाकुट्ट उमटला, त्याखालची दीड ओळ गेली. पण ती सगळ्यांना पाठच होती, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. दोनशे बाराव्या पानापर्यंत दोन्ही मंडळांचा इतिहास तंतोतंत एक. दोनशे तेराव्यापासून ज्याचं त्याचं.

तुमचा फोर्क, म्हणजे एका ब्लॉकचेनच्या दोन साखळ्या होणं, याहून वेगळा काय असतो? बिटकॉइनमध्ये ब्लॉक, म्हणजे त्या वहीचं एकेक पान, किती मोठा असावा यावरून काही वर्षं असंच चाललं होतं. १ एमबीची मर्यादा ठेवून दुसरा मार्ग काढायचा, की थेट ८ एमबी करायची. १ ऑगस्ट २०१७ ला मोठा ब्लॉक हवा असलेले बाहेर पडले, बिटकॉइन कॅश झाले. ४,७८,५५८ क्रमांकाच्या ब्लॉकपर्यंत दोघांची वही एकच, आणि ज्याच्याकडे जितकी नाणी होती तितकीच त्याला दुसरीकडेही. कुणाला हाकलावं लागलं नाही, कोर्टात जावं लागलं नाही. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, त्या बिटकॉइन कॅशचेही दोन झाले. फुटायची सवय लागते म्हणतात, ते खरं असावं.

आता गंमत बघ. बिटकॉइनमध्ये ज्यांनी नियम बदलला त्यांना नवं नाव घ्यावं लागलं. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनमध्ये नेमकं उलटं झालं. जून २०१६ मध्ये तिथल्या 'द डीएओ' नावाच्या सामाईक निधीच्या कोडमधल्या चुकीचा फायदा घेऊन कुणीतरी सुमारे ३६ लाख इथर, म्हणजे तिथली नाणी, काढून घेतले. ते परत मिळवण्यासाठी २० जुलैला, १९,२०,००० व्या ब्लॉकवर, नियम बदलला गेला. ज्यांनी बदल केला ते इथेरियमच राहिले, आणि 'लिहिलेलं खोडायचं नाही' म्हणून जुन्याच वहीला चिकटून राहिलेले मात्र इथेरियम क्लासिक झाले. म्हणजे घर कुणी सोडलं हे कोडवरून ठरत नाही. बहुसंख्य माणसं कुठे गेली, एक्सचेंजनी, म्हणजे नाण्यांच्या बाजारांनी, कुणाच्या पुढे कोणतं नाव लावलं, यावर ते ठरतं. तेव्हा 'खरे आम्हीच' या वादात तू एक मिनिटही घालवू नकोस. आमच्याकडे त्यावर दोन वर्षं गेली.

पेटीबद्दल सांगायचं राहिलं. वहीची झेरॉक्स निघाली, पण पेटी एकच होती. बावीस जणींच्या वर्गणीतून घेतलेली. किल्ली खजिनदारबाईंकडे आणि खजिनदारबाई जुन्या गटात, म्हणून पेटी जुन्या गटात राहिली. ठराव नाही, हिशेब नाही. देवळातला गुरुवारही तसाच आमच्याकडे राहिला. नऊ जणी टाळांवर भजन करत राहिल्या, एका जिन्याखालच्या खोलीत.

खरं सांगू? मला त्यांच्या चाली आवडायच्या. मी जुन्या गटात राहिले ती पेटीसाठी. मैत्रिणीनं ते ओळखलं, आणि अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

प्रत्येक साखळीत अशी पेटी असते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमनं मायनिंग, म्हणजे कॉम्प्युटरच्या ताकदीवर नवे ब्लॉक जोडण्याची पद्धत, सोडली तेव्हा काही मायनरांनी जुन्या पद्धतीची साखळी वेगळी चालू ठेवली. वहीची झेरॉक्स झालीच, त्यामुळे त्या साखळीवरही यूएसडीसी हे डॉलर-टोकन जसंच्या तसं उमटलं. पण त्यामागचे डॉलर काही दुप्पट झाले नव्हते. ते टोकन काढणाऱ्या सर्कल कंपनीनं आधीच सांगून टाकलं होतं की आम्ही फक्त नव्या पद्धतीच्या साखळीवरचंच टोकन मानू. दुसरीकडे उरले ते नुसते आकडे. वेगळं होण्याचं स्वातंत्र्य कोडनं दिलं, पण पेटीची किल्ली एका कंपनीच्या खिशात होती.

तेव्हा आज रात्री बसून यादी कर. तुमच्या नेटवर्कमध्ये कशाची झेरॉक्स निघत नाही? डोमेन कुणाच्या नावावर आहे, रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या सामाईक कोठारात, कोड चढवायचा हक्क कुणाला, खजिन्याच्या सामाईक वॉलेटवर कितीजणांच्या सह्या लागतात आणि ते कुठल्या तटात आहेत, बाहेरचे भाव साखळीला कोण पुरवतं. आणि माणसं. पहाटे तीनला नोड, म्हणजे साखळी चालवणारा कॉम्प्युटर, बंद पडला तर उठणारे तुमच्याकडे दोघेच आहेत असं तूच म्हणाली होतीस. ते दोघे दोन्हीकडे असू शकणार नाहीत.

दुसरं, सही वेगळी करून घ्या. २०१६ च्या त्या फुटीनंतर लोकांचं नुकसान झालं ते याच्यामुळे: एका साखळीवर केलेला व्यवहार कुणीही उचलून दुसऱ्या साखळीवर चालवू शकत होतं, कारण सही दोन्हीकडे खरीच ठरायची. इकडे दहा नाणी पाठवली की तिकडचीही दहा जायची. व्यवहारात चेन-आयडी, म्हणजे साखळीचा ओळख-क्रमांक, घालायची सोय त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आली, म्हणजे चार महिने उशिरा. बिटकॉइन कॅशनं पहिल्या दिवसापासून ही काळजी घेतली होती. तुमचा आयडी बदलणार आहे का, आणि बदलणार कोण, हे लेखी घे. तू व्हॅलिडेटरही चालवतेस, म्हणजे ठेव ठेवून ब्लॉकवर सह्या करतेस. आयडी तोच राहिला आणि दोन्हीकडे एकाच किल्लीनं सह्या करत बसलीस, तर दुहेरी सहीचा दंड तुझ्याच ठेवीतून कापला जाईल.

तू लिहिलंयस की एका तटाला एका मोठ्या धारकाला मागेच ठेवून जायचंय, त्याची खाती नव्या वहीत शून्य करून. हे तुला खुपतंय. मलाही खुपलं असतं. स्टीम या ब्लॉकचेनचं प्रकरण तुला माहीत असेल. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सननं स्टीममागची स्टीमिट कंपनी विकत घेतली, तिच्याकडच्या नाण्यांच्या मोठ्या साठ्यासकट. समुदायानं तो साठा गोठवला. मग मार्चच्या सुरुवातीला काही एक्सचेंजनी ग्राहकांनी ठेवलेली नाणी वापरून मतं दिली आणि जुने विटनेस, म्हणजे ब्लॉक जोडायला मतांनी निवडलेले लोक, पाडले. २० मार्चला समुदाय हाइव्ह नावानं बाहेर पडला आणि नव्या वहीत कंपनीचा साठा घेतलाच नाही.

ही चोरी म्हणायची का? आपल्या घटनेचं कलम १९(१)(ग) संघटना बांधण्याचा हक्क देतं. १९६२ साली संसदेनं कायदा करून हिंदी साहित्य संमेलनाची रचनाच बदलली, जुन्या सभासदांना न विचारता नवे आत आणले. (१९१८ साली ज्याचं अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली आपल्या इंदुरात भरलं होतं, तेच हे संमेलन.) १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा घटनाबाह्य ठरवला. न्यायालयाचं म्हणणं असं की संघटना बांधण्याच्या हक्कातच, आपण आपखुशीनं आत घेतलेल्यांच्याच सोबत राहण्याचा हक्क येतो. तो हक्क सरकारच्या विरुद्ध आहे, तुमच्या साखळीला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातला विचार मला पटतो. नवं मंडळ काढताना एखादीला बोलवायचं नाही, हा आपला अधिकार. जुन्या मंडळातली तिची वर्गणी मात्र आपल्याला खोडता येत नाही. सनचा साठा स्टीमवर राहिलाच होता, म्हणून हाइव्हचं मला चालतं. पण त्यांनी त्याच्या बाजूनं मत दिलेल्या काही खात्यांनाही वगळलं होतं. ते मला नाही आवडलं. मत चुकलं म्हणून कुणाचं पान फाडू नये. तुमच्या यादीत अशी खाती असतील तर तू बोल. एकटी पडलीस तरी बोल.

आणि एक, जिकडे जाशील तिकडे जाण्याचं खरं कारण दुसऱ्या बाजूच्या निदान एका माणसाला स्वतःहून सांग. मी ते केलं नाही.

मागच्या महिन्यात मैत्रिणीकडे गेले होते. तिची झेरॉक्स आता पार पिवळी पडली आहे. काळ्या डागावर तिनं पांढरी चिठ्ठी चिकटवून ती दीड ओळ लिहिली आहे, आणि एक शब्द चुकीचा. आम्ही दोघी त्यावर अर्धा तास भांडलो. आमच्या मूळ वहीत बघायचं म्हटलं तर तिथे तेलानं अक्षर फुटलंय.

शनिवारी चारनंतर ये, यादी घेऊन. पोहे करते, जलेबी तू येताना आण. लॅपटॉपही आण, चेन-आयडीचं बघूनच टाकू.

तुझी,
मावशी