वाचकांचे प्रश्न : ईसीजी मशीन आत्ता कोणत्या वॉर्डात आहे?

प्रश्न : आमचे तीन मजली धर्मादाय रुग्णालय आहे. ईसीजीची दोन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि व्हीलचेअर कोणी कोणत्या वॉर्डात नेल्या हे शोधण्यात सिस्टरांचा रोज वेळ जातो. जागा दाखवणाऱ्या तयार यंत्रणेचा खर्च आम्हाला झेपणारा नाही. इमारतीत वाय-फायचा सिग्नल पसरवणारे अकरा ॲक्सेस पॉइंट आधीपासून बसवलेले आहेत. त्यांचा काही उपयोग होईल का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : होईल, आणि चांगला होईल. मात्र यंत्रणेकडून नेमके काय हवे आहे ते आधी ठरवावे. मशीन खिडकीपासून किती फुटांवर आहे याच्याशी सिस्टरांना कर्तव्य नाही. ते पुरुष वॉर्डात आहे की अपघात विभागात, एवढे कळले तरी त्यांची पायपीट वाचते. वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहांकडून येणारा जीपीएसचा क्षीण संदेश स्लॅबखाली भरवशाचा राहत नाही. पण वाय-फायचा सिग्नल इमारतीतच जन्मतो आणि प्रत्येक भिंतीपाशी थोडा थोडा कमी होत जातो, आणि त्याच्या या कमी होण्यावरूनच जागा ओळखता येते.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. ॲक्सेस पॉइंटच्या अगदी खाली उभे राहिल्यास साधारण उणे ३० आणि दोन-तीन भिंतींपलीकडे उणे ८० च्या आसपास आकडा दिसतो. समजा, ओपीडीच्या दारात तीन ॲक्सेस पॉइंटांचे आकडे उणे ४८, उणे ६७ आणि उणे ७९ आले, तर हा त्या जागेचा ठसा झाला. स्टोअररूमचा ठसा उणे ६३, उणे ५२, उणे ८० असा आहे. आता एखाद्या मशीनवर चिकटवलेल्या टॅगने, म्हणजे सिग्नल मोजणाऱ्या छोट्या बोर्डाने, उणे ५०, उणे ६६, उणे ८१ असे आकडे पाठवले, तर ओपीडीच्या ठशाशी त्यांचे फरक २, १ आणि २ येतात, स्टोअररूमच्या ठशाशी मात्र १३, १४ आणि १. फरकांचे वर्ग करून बेरीज केली की पहिली ९ आणि दुसरी ३६६ भरते. मशीन ओपीडीच्या बाजूला आहे हे सांगायला याहून अवघड गणित लागत नाही.

ही युक्ती जुनी आणि पारखलेली आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील परमवीर बहल आणि वेंकट पद्मनाभन यांनी २००० साली ‘रडार’ या नावाने ती मांडली. सुमारे ४४ मीटर लांब आणि २२ मीटर रुंद अशा एकाच मजल्यावर, अवघ्या तीन बेस स्टेशनांच्या (सिग्नल देणाऱ्या-घेणाऱ्या केंद्रांच्या) आधारे त्यांनी ७० ठिकाणी नोंदी घेतल्या होत्या. सर्वांत जोरदार सिग्नल ज्याचा, त्याच्याजवळच माणूस आहे असे धरले तर मध्यक चूक (निम्म्या वेळा चूक याहून कमी, निम्म्या वेळा जास्त) सुमारे ८ मीटर येत होती. ठसे जुळवून पाहिल्यावर ती ३ मीटरांच्या आत आली. नवे साहित्य न आणता केवळ नीट नोंदी ठेवल्यामुळे एवढा फरक पडला.

टॅगसाठी ईएसपी३२ ही चिप असलेला छोटा बोर्ड पुरेसा आहे. तो काही शे रुपयांत मिळतो. दर पंधरा मिनिटांनी जागे व्हायचे, आसपासच्या ॲक्सेस पॉइंटांचे आकडे वाचायचे, ते वाय-फायवरूनच कार्यालयातल्या संगणकाकडे पाठवायचे आणि पुन्हा झोपायचे, एवढेच त्याचे काम. बोर्डावरचा सतत पेटता लाल दिवा या झोपेतही बॅटरी खात राहतो, म्हणून झोपेत कमी वीज घेणारा बोर्ड मागून घ्यावा. टॅग पॉवर बँकेवर चालवू नये, कारण विजेची मागणी फार कमी झाली की बहुतेक पॉवर बँका आपोआप बंद पडतात. मशीन उघडून आत काहीही जोडू नये. टॅग बाहेरून चिकटवावा आणि त्याआधी मशीनची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवावा.

खरी मेहनत ठसे गोळा करण्यात आहे आणि तिथे घाई केली तर पुढचे सगळे बिघडते. प्रत्येक खोलीत तीन-चार ठिकाणी, त्याच टॅगने, वॉर्ड भरलेला असताना नोंदी घ्याव्यात. मानवी शरीरात पाणी भरपूर असल्यामुळे ते सिग्नल शोषते. नोंदी घेणारा नुसता पाठ फिरवून उभा राहिला तरी ५ डीबीएमपर्यंत फरक पडू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी चारही दिशांना तोंड करून मोजावे. ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगमध्ये सिग्नलची ताकद आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असल्यास ती बंद ठेवावी, नाहीतर आज घेतलेला ठसा उद्या खोटा ठरेल. नातेवाइकांच्या फोनचे हॉटस्पॉट यादीत येऊ देऊ नयेत. फक्त आपल्या अकरा ॲक्सेस पॉइंटांचेच आकडे धरावेत. जिन्याजवळ आणि लिफ्टपाशी टॅग कधी कधी वरच्या मजल्यावर असल्याचे दाखवील, त्यामुळे तिथल्या नोंदी जास्त घ्याव्यात. एखादे लोखंडी कपाट हलवले किंवा ॲक्सेस पॉइंट बदलला की त्या भागाचे ठसे पुन्हा घ्यावे लागतात. हे काम कोणाकडे असेल ते पहिल्याच दिवशी नावानिशी ठरवावे. सुरुवात एका मजल्यावर आणि दोन ईसीजी मशीनवरच करावी, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : याच पद्धतीने, त्यांच्या फोनमध्ये काहीही न टाकता, कर्मचारी आणि ग्राहक कुठे वावरतात हे आमच्या दुकानात पाहता येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तांत्रिकदृष्ट्या हे दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन वाय-फायला जोडताना आपला खरा पत्ता, म्हणजे त्या फोनचा कायमचा ओळख क्रमांक, न सांगता बदललेला पत्ता सांगतात. ही सोय अशा न विचारता होणाऱ्या पाळतीपासून बचाव व्हावा म्हणूनच आहे. पण अडचण नसती तरी मी हा सल्ला दिला नसता. व्हीलचेअरला खासगी आयुष्य नसते, माणसाला असते. कर्मचाऱ्यांना स्पष्टपणे सांगून, त्यांची संमती घेऊन, कामाच्या वेळेपुरता टॅग देता येईल. ग्राहकांची गर्दी कुठे होते एवढेच हवे असेल, तर दारापाशी आणि विभागांपाशी माणसे मोजावीत. कोण कुठे गेले याची नोंद त्यासाठी लागत नाही.

प्रश्न : फोन आणि राउटर यांमधले अंतर थेट मोजता येते असे ऐकले. ते अधिक अचूक नाही का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : आहे. वाय-फायच्या ८०२.११एमसी या मानकात संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतात. वाय-फायच्या लहरी प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) सुमारे ३० सेंटिमीटर जातात, त्यावरून अंतर निघते आणि अनेक राउटरांची अंतरे जुळवली की एक-दोन मीटरपर्यंत जागा कळू शकते. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१८ साली, नवव्या आवृत्तीत आली. मात्र फोन आणि राउटर या दोघांनाही ती यावी लागते आणि जुन्या राउटरांपैकी बहुतेकांना ती येत नाही. प्रकल्पासाठी आधी ठशांची पद्धत करून पाहा. महाविद्यालयाच्या एका मजल्यावर, आहेत त्याच राउटरांवर ती आठवडाभरात उभी राहते.