चॉपरच्या रुंद टायरची एकचाकी : काय ठेवायचं, काय काढून टाकायचं

प्रश्न असा आहे : जालन्यात भंगारात एक चॉपर सायकल (लांब सीट आणि मागे रुंद टायर असलेली) मिळाली, सांगाडा गंजलाय पण मागचा 20 × 4.25 (इंच) टायर ठणठणीत आहे. त्याची एकचाकी (युनिसायकल) होईल का, आणि चॉपरचे किती भाग वापरता येतील?

होईल. पण भाऊ, चॉपरमधून कामाचा निघतो तो टायर, ट्यूब, रिम आणि फार तर पायडलं. मागचं हब (चाकाचा मधला भाग, ज्याला तारा लागतात) ठेवायचा मोह टाळा. त्यात फ्रीव्हील किंवा उलटं पायडल मारल्यावर लागणारा ब्रेक असतो. एकचाकीत क्रँक (पायडल ज्यांना लागतं ते दांडे) थेट हबच्या एक्सलवर, म्हणजे मधल्या आसावर, बसतात आणि एक्सल हबशी घट्ट असतो; पाय पुढे तर चाक पुढे, पाय मागे तर चाक मागे. सायकलचं हब वेल्डिंग करून जाम केलं तरी त्याच्या एक्सलला क्रँक बसत नाहीत, म्हणून तो खटाटोप फुकट जातो. चॉपरची लांब सीटही निरुपयोगी. एकचाकीची सीट पुढून-मागून वर उचललेली आणि मधे अरुंद लागते, नाहीतर मांड्या घासतात.

आधी टायरच्या कडेवर छापलेलं माप नीट वाचा. श्विन या अमेरिकी सायकल कंपनीने 2004 मध्ये ऑरेंज काउंटी चॉपर्स या मोटरसायकल बनवणाऱ्यांबरोबर काढलेल्या स्टिंग-रे सायकलचा मागचा टायर 20 × 4.25 चा होता. तो 406 मिमीच्या रिमवर बसतो (टायरची कड रिमवर जिथे टेकते तिथला व्यास). रॅले कंपनीच्या जुन्या चॉपरचा मागचा टायर मात्र 20 × 2.125 एवढाच, नाव चॉपर असलं तरी तो रुंदीच्या कामाचा नाही. 20 इंचात 451 मिमीचीही रिम येते, तिच्यावर हा टायर चढणार नाही. आणि ‘20’ वर जाऊ नका. 4.25 चा टायर हवा भरल्यावर बाहेरून जवळजवळ 24 इंचांचा होतो. म्हणून क्रँकही 24 च्या चाकाला शोभतील असे घ्या : डांबरी रस्त्याला 125 मिमी, शेतवाट आणि मुरमाला 150.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही : टायरचा आकार. चॉपरची रिम खूप रुंद असते, त्यामुळे टायरचा माथा चपटा बसतो. दोन चाकांवर ते दिसायला छान. एकचाकी वळते ती कलून आणि कमरेला पीळ देऊन, आणि चपटा टायर कलायला तयार नसतो. रस्त्याला मधून उतार असेल तर तो तुम्हाला कडेला ओढत राहतो, जागेवर वळताना रबर जमिनीला धरून बसतं. उपाय म्हणजे तोच टायर कमी रुंद रिमवर चढवणं. रिम 30 मिमीने अरुंद केली की टायर साधारण 12 मिमीने बारीक होतो आणि माथा गोल येतो. तोटा एवढाच की हवा कमी असताना टायर रिमवर डुलतो. शिकून झालेल्या माणसाला मी अरुंद रिमच सुचवेन. शिकायला मात्र हे चाक घेऊच नका, साधा 20 × 1.95 बरा.

हब विकतच घ्या, आणि बेअरिंगमधलं अंतर 125 मिमी असलेलंच. नेहमीचं 100 मिमीचं हब या टायरला पुरत नाही. वाळूज किंवा चिकलठाण्यात लेथवर ईएन 8 (पोलादाचा एक प्रकार) च्या सळईतून एक्सल कातून मिळेल, पण त्यावर फ्लँज (तारा अडकवायची भोकं असलेली चकती) तशीच वेल्ड केली तर जोडाशेजारी तडा जातो. या पोलादात कार्बन सुमारे 0.4 टक्के असतो. आधी तापवून, वेल्डनंतर सावकाश थंड करावं लागतं. कॉटर पिनचे, म्हणजे आडवी पाचर ठोकून एक्सलवर बसवायचे, क्रँकही नकोत. सायकलवर पिनेला एकाच बाजूने जोर बसतो म्हणून ती टिकते. एकचाकीवर दर काही सेकंदांनी जोर उलटतो, पिन खडखडते आणि भोक मोठं होतं. चौकोनी टोकाच्या एक्सलवर क्रँक 35 ते 40 न्यूटन-मीटरने आवळा. ढिला क्रँक एकदा जरी चालवला तरी त्याचं भोक गोल होतं, मग कितीही आवळा, धरत नाही.

तारा मागवण्याआधी रिमची भोकं मोजा. हबलाही तितकीच हवीत. उदाहरणार्थ 36 भोकं, तीन क्रॉस (प्रत्येक तार त्याच बाजूच्या तीन तारांना ओलांडते), निपल (तारेच्या टोकाची चकली) बसतात तिथला रिमचा व्यास 386 मिमी, फ्लँजवरच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास 58, मध्यापासून फ्लँज 40 मिमी : तार साधारण 183 मिमी येते. रुंद रिमला भोकांच्या दोन रांगा असतील तर रांग मध्यापासून जेवढी सरकली आहे तेवढं त्या 40 मधून वजा करून पुन्हा मोजा. चाकाची आऊट (वाकडेपणा) काढताना आधी उंच-सखल, मग डावं-उजवं.

फ्रेमसाठी 22 मिमी बाहेरच्या व्यासाचा, 1.6 मिमी जाडीचा पाइप चालतो. 108 मिमीच्या (म्हणजे 4.25 इंचांच्या) टायरला फ्रेमच्या दोन पायांमधली आतली मोकळीक किमान 124 लागते. बेअरिंगच्या सरळ वर पाइप उभे केले तर आत 103 च उरतात, म्हणून एक्सलपासून 170 ते 200 मिमी उंचीच्या दरम्यान प्रत्येक पाय साडेदहा मिमी बाहेर वाकवा. त्याच्या खाली वाकवलं तर क्रँक लागेल, खूप बाहेर नेलं तर पोटऱ्या घासतील. वरचा जोड एक्सलपासून किमान 315 मिमीवर हवा.

हवा सायकलपेक्षा जास्त लागते, कारण पूर्ण वजन एकाच चाकावर असतं. 60 किलोच्या माणसाने 18 पीएसआयपासून सुरुवात करावी. कडेवरची मर्यादा ओलांडू नये. वेड्या बाभळीचे काटे मोठ्या टायरमधूनही ट्यूबपर्यंत जातात, ट्यूबमध्ये सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. पावसात काळ्या मातीत उतरू नका : चिखल टायर आणि फ्रेममधल्या आठ मिमीच्या फटीत भरतो, चाक अचानक अडकतं आणि माणूस पुढे फेकला जातो.

जोडताना फ्रेमची पुढची बाजू ठरवून L लिहिलेला क्रँक डावीकडे येतोय ना ते बघा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चाक उलटं बसवलं तर पायडल चालवता-चालवता सुटतं आणि क्रँकचे आटे घेऊन जातं.