कोवला टायटॅनिकशिवाय बघण्यासारखं काय आहे? आई-बाबांना घेऊन एक दिवस पुरेल का?

तुम्ही ऑगस्टमध्ये आई-बाबांना घेऊन आयर्लंडमधल्या कॉर्कला येताय, जवळच्या कोव या बंदराच्या गावासाठी एक दिवस ठेवलाय आणि बाबांचे गुडघे दुखतात, असं तुम्ही लिहिलंय. गाव एका दिवसात होईल, पण जमलं तर दुसरा दिवस काढाच. मी कॉर्कमध्ये राहतो आणि घरी कुणीही पाहुणे आले की त्यांना आधी कोवला नेतो. आयर्लंड समजून घ्यायला माझ्या मते याच्याइतकी चांगली जागा नाही.

गाडी भाड्याने घेऊ नका, कॉर्कच्या केंट स्टेशनवरून लोकल धरा. साधारण पंचवीस मिनिटांचा प्रवास आहे. शेवटच्या टप्प्यात रूळ पाण्याच्या कडेकडेने जातात, म्हणून खिडकी पकडा. उतरल्यावर स्टेशनच्या जुन्या इमारतीतच हेरिटेज सेंटर आहे, सुरुवात तिथूनच करा. 1848 ते 1950 या काळात आयर्लंडमधून साठ लाखांवर माणसं देशोधडीला लागली, त्यातली सुमारे पंचवीस लाख या एका बंदरातून गेली. बाहेर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. न्यूयॉर्कचं एलिस आयलंड केंद्र 1 जानेवारी 1892 रोजी उघडलं तेव्हा तिथे नोंद झालेली पहिली प्रवासी म्हणजे ही मुलगी, आणि ती निघाली होती इथूनच. आपल्यापैकी ज्यांची मुलं परदेशात आहेत, त्या आई-वडिलांना इथे फार काही समजावून सांगावं लागत नाही.

टायटॅनिकचं प्रदर्शन व्हाइट स्टार लाइन या जहाजाच्या कंपनीच्या खऱ्याखुऱ्या तिकीट कचेरीत आहे. तिकिटाबरोबर तुमच्या हातात एक बोर्डिंग कार्ड देतात. त्यावर 11 एप्रिल 1912 रोजी इथून चढलेल्या 123 प्रवाशांपैकी एकाचं नाव असतं, आणि ती व्यक्ती वाचली की बुडाली हे अगदी शेवटी कळतं. जहाज प्रचंड असल्यामुळे बंदराच्या तोंडाशी, बाहेरच थांबलं होतं. लोकांना छोट्या बोटींनी तिकडे नेलं. त्या बोटी ज्या लाकडी धक्क्यावरून सुटल्या, त्याचे कुजलेले खांब कचेरीच्या मागे पाण्यात अजून उभे आहेत. मला आतल्या देखाव्यांपेक्षा ते खांबच जास्त भिडतात.

आता गुडघ्यांचं. गाव डोंगरउतारावर आहे आणि चढ चांगलाच अंगावर येतो. सेंट कोलमन कॅथेड्रलपर्यंत टॅक्सीने जा आणि खाली सावकाश चालत या. 1868 साली सुरू झालेलं हे बांधकाम 1919 पर्यंत चाललं. मनोऱ्यात 49 घंटा आहेत आणि त्या सुरात वाजवतात. उन्हाळ्यात रविवारी दुपारी हे वादन असतं, तेव्हा जमल्यास रविवारच निवडा. फोटोंमध्ये दिसणारी रंगीत घरांची उतरती रांग जवळच आहे. तिथे माणसं राहतात, त्यांच्या पायऱ्यांवर बसून फोटो काढू नका.

दुपार स्पाइक आयलंडला द्या, हे मी आग्रहाने सांगतो. केनेडी पिअरवरून बोट सुटते. ऑगस्टमध्ये तिकीट आधी काढलेलं बरं. बेटावर ताऱ्याच्या आकाराचा किल्ला आहे. 1847 मध्ये, आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळाच्या ऐन काळात, तिथे तुरुंग झाला आणि काही वर्षांतच 2,300 च्या वर कैदी कोंबले गेले. त्यात पोटासाठी चोरी केलेलेही होते. देश 1922 मध्ये स्वतंत्र झाला तरी हा किल्ला ब्रिटिशांनी 1938 पर्यंत सोडला नव्हता. गाइड सोबत असतो, पण फेरी संपल्यावर लगेच परतीची बोट धरू नका, तटावरून एकदा फिरा. अख्खं बंदर समोर दिसतं. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत चढ आहे, बाबांना तो जमेल का ते आधी बघा.

नसेल जमत, तर टॅक्सीने गावाबाहेरच्या जुन्या दफनभूमीत जा. 7 मे 1915 रोजी जर्मन पाणबुडीने बुडवलेल्या लुसिटानिया या प्रवासी जहाजाच्या दीडशेहून अधिक मृतांना तिथे मूठमाती दिली आहे, बरेचसे सामूहिक थडग्यांत. पर्यटक फारसे फिरकत नाहीत.

एक सूचना: धक्क्याला क्रूझ लागलेली असेल त्या दिवशी गावात पाय ठेवायला जागा नसते. बंदराचं वेळापत्रक इंटरनेटवर असतं, तारीख ठरवण्याआधी बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी लोकलनेच मिडलटनला जा, कोवहून निघालात तर ग्लाउनथॉनला गाडी बदलावी लागते. व्हिस्कीच्या डिस्टिलरीसाठी सगळे जातात, मी मात्र बेलिक पार्कमधलं शिल्प बघायला पाठवेन. स्टेनलेस स्टीलची नऊ उंच पिसं गोलाकार उभी आहेत, रिकाम्या वाडग्यासारखी. अमेरिकेतल्या चॉक्टॉ जमातीने 1847 मध्ये आयरिश दुष्काळग्रस्तांसाठी 170 डॉलर जमवून पाठवले होते, त्याचं हे स्मारक. स्वतःच्या जमिनीवरून हाकलून लावलेल्या लोकांनी ते पैसे गोळा केले होते. कोवच्या मार्गावरच्या फोटा स्टेशनला उतरलात तर लगतच वन्यजीव उद्यान आहे. माकडं, कांगारू मोकळे फिरतात, आणि आपले एकशिंगी गेंडेही आहेत. लहान मुलं सोबत नसतील तर मी मिडलटनलाच जास्त वेळ देईन.

आणखी एक जागा, जवळ नसली तरी भारतीयांनी जावं अशी: अहाकिस्टा हे समुद्रकाठचं गाव. 23 जून 1985 रोजी एअर इंडियाचं कनिष्क विमान याच किनाऱ्यापासून दूर समुद्रावर बॉम्बस्फोटाने कोसळलं, 329 जण गेले. सापडलेले मृतदेह कॉर्कला आणले होते. अहाकिस्टाला समुद्राकाठी सूर्यघड्याळाचं स्मारक आहे, भिंतीवर सगळ्यांची नावं आहेत, आणि दरवर्षी 23 जूनला आसपासचे गावकरी नातेवाइकांसोबत तिथे जमतात. कोवहून गाडीने दोनेक तास लागतात, शेवटचे रस्ते अरुंद आहेत, सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर निघू नका. जायचं असेल तर फक्त त्याच दिवसापुरती गाडी घ्या आणि सकाळी लवकर निघा.