रावस चढत नाही, पण आपल्या ओहोळात चढणारे मासे आहेत

म्हापशाच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून घेतलेला रावस अंडी घालायला मांडवीतून वर चढतो का, असं तुम्ही विचारलंय. नाही चढत. मुळात रावस हा सॅमनच नव्हे. पुढच्या वेळी त्याच्या छातीच्या पराखाली बघा, बोटांसारखे चार सुटे तंतू दिसतील. सॅमनला ते नसतात.

खरे सॅमन उत्तर अटलांटिक आणि उत्तर पॅसिफिकचे. मादी थंड, वाहत्या पाण्यात शेपटीने गोट्यांत खड्डा करून अंडी घालते. पिल्लं समुद्रात जाऊन मोठी होतात आणि वासाच्या खुणेवर जन्माच्या नदीत परततात. पॅसिफिकमधले सॉकआय, चिनूक विणीनंतर मरतात. अटलांटिकमधले काही वाचतात. आपल्या कोमट पाण्यात ती अंडी तगणार नाहीत. त्यांचा भाऊबंद ट्राउट भारतात आहे, पण तोही इंग्रजांच्या काळात काश्मीर-निलगिरीच्या थंड पाण्यात आणून सोडलेला.

आपला चोणक, म्हणजे रायगडातला जिताडा, बरोबर उलटा वागतो. तो वाढतो खाडीत, खाजनात म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतजमिनीत, नदीच्या गोड्या पाण्यात, आणि अंडी घालायला खाली मुखाजवळच्या खारट पाण्यात उतरतो. आधी नर असतो, काही वर्षांनी त्याचीच मादी होते. म्हणून दहा किलोचा चोणक कापला जातो तेव्हा बहुधा मादीच जाते, हे मला फार लागतं.

चढणारे म्हणाल तर ते ओहोळातले लहान मासे: मळये, खवळे. जूनचा पहिला मोठा पाऊस पडला, पाणी गढूळ झालं की ते नदीतून ओहोळात, ओहोळातून शेतात शिरतात. आमच्याकडे पेडण्यात लोक त्याच रात्री बॅटरी घेऊन निघतात. मीही जायचो. एकदा घरी मासा चिरला, तर वीतभर माशाच्या पोटात गाबोळीशिवाय काहीच नव्हतं. तेव्हापासून चढणीचे मासे धरणं सोडलं. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटी बंद असतात, पण ओहोळावर कोण लक्ष ठेवणार?

दुसरी अडचण मोरीची, म्हणजे वाटेखालून पाणी जायला ठेवलेल्या नळाची. आमच्या वाटेखाली घातलेला पाईप पाण्यापेक्षा हातभर वर राहिला. मासे उडी मारत, काँक्रीटवर आपटत, परत खाली पडत. आम्ही चौघांनी मे महिन्यात पाईपाच्या तोंडाशी जांभ्याचे चिरे उतरते रचले आणि मध्ये पाणी साचेल अशा खळग्या ठेवल्या. पहिल्या पावसात अर्धा तास उभा होतो. मळये एकेका खळगीत दम घेत पाईपात शिरले.