रिव्हर्सला किंचाळणारा ब्रेक आणि ६,८४० रुपयांचं बिल

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, चिपळूणला राहतो. गेल्या नोव्हेंबरात कोल्हापूरच्या डीलरकडून ८ लाख ४० हजारांची नवी हॅचबॅक घेतली. जूनपासून सकाळी पार्किंगमधून रिव्हर्स घेताना ब्रेक दाबला की कर्कश आवाज येतो. पुढे जाताना येत नाही. डीलरच्या सर्व्हिस सेंटरने पहिल्या वेळी 'पावसाचं पाणी आहे, जाईल' म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या वेळी पुढचे ब्रेक पॅड बदलले. ते वॉरंटीत बसत नाहीत म्हणून ६,८४० रुपये घेतले. तिसऱ्या दिवशी आवाज परत हजर. आता म्हणतात, 'काका, या मॉडेलला येतोच.' गाडी ७,२०० किलोमीटर चालली आहे. मला गाडी बदलून हवी आणि पाच लाख भरपाई. केस होईल का?

उत्तर : सर, केस होईल, पण तुमच्या मनात आहे ती नाही. गाडी बदलून मिळण्याचा नाद सोडा. एखादा भाग बिघडला म्हणून अख्खी गाडी बदलून द्या, असा आदेश सहसा टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अशाच एका प्रकरणात गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला, बिघडलेला भाग बदलून द्यायला सांगितलं आणि ५० हजारांची भरपाई दिली. वॉरंटीचा करार दुरुस्तीचा किंवा भाग बदलण्याचा असतो, हे त्यातलं सूत्र. तुमच्या गाडीचा तर ब्रेक लागतोय, फक्त वाजतोय.

तुमचं खरं हत्यार ते ६,८४० रुपयांचं बिल आहे. सर्व्हिस सेंटरला लेखी एकच गोष्ट विचारा : काढलेल्या पॅडची जाडी किती मिलिमीटर भरली? नवा पॅड साधारण १० मिलिमीटरचा असतो आणि तीनच्या आसपास आला की बदलतात. सात हजार किलोमीटरला पॅड संपले म्हणाले, तर इतक्या लवकर संपले कसे? कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, अडकून पॅड डिस्कला (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला) घासत राहिला असेल, तर तो दोष वॉरंटीतला. आणि पॅड शिल्लक होते म्हणाले, तर ते बदललेच का? कोणतंही उत्तर दिलं तरी बिलाचा पाया हलतो.

ते कसे निसटतील हेही सांगते. तुम्ही कोल्हापूरला कुंभार्ली घाटाने जाता-येता, म्हणजे परतताना 'ब्रेक दाबत दाबत उतरता, म्हणून पॅड गेले' हे उत्तर तयारच असेल. गिअरमध्ये उतरत असाल तर तसं आताच लिहून ठेवा. वर्षभराने आठवणीतून सांगितलेल्याला वजन राहत नाही.

आता आवाजाकडे येऊ. वकिलाने हे का सांगावं, असं वाटेल. पण आवाज कुठल्या चाकातून येतो हेच तुमच्या कागदांत नसेल, तर तक्रार उभी राहत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. रात्रभर कोकणातल्या पावसात उभ्या राहिलेल्या डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. पहिले चार-पाच ब्रेक तो घासून काढतात आणि आवाज थांबतो. माझी गाडीही जुलैत दर सकाळी कुरकुरते, मी काही कोणावर दावा लावलेला नाही. तुमचाही आवाज गेटपर्यंत जाऊन थांबत असेल, तर पहिल्या खेपेला 'पाणी' म्हणाले ते खरंच होतं. मग पॅड बदलायचं काय कारण होतं?

दिवसभर, कोरड्यातही, फक्त रिव्हर्सलाच येत असेल तर गोष्ट वेगळी. पुढे जाताना चाकाच्या फिरण्याने पॅड कॅलिपरच्या कंसात एका कडेला टेकतो आणि रिव्हर्सला तोच दुसऱ्या कडेला सरकतो. तिथली क्लिप सैल असेल, शिम (पॅडमागची पातळ पट्टी) नसेल किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या सरकपिना सुकल्या असतील, तर पॅड थरथरतो आणि ती थरथरच कानाला किंचाळी म्हणून लागते. मागच्या ड्रममध्ये रिव्हर्सला दोन ब्रेक शूंची कामं अदलाबदल होतात. शूवरच्या घासणाऱ्या थरावर, म्हणजे लायनरवर, चकाकी आली असेल किंवा आत धूळ साचली असेल तर तिथूनही आवाज येतो. मग पुढचे पॅड बदलून आवाज कसा जाणार? डोकं दुखतंय आणि पायाला लेप, असा प्रकार.

सोपी चाचणी करा. मोकळ्या, सपाट जागेत माणसाच्या चालीने रिव्हर्स घ्या, पायाचा ब्रेक न लावता हँडब्रेक हलका ओढा. तो बहुधा मागच्या चाकांवर चालतो, त्यामुळे आवाज आला तर मागूनच. कोणाला तरी बाहेर उभं करून मोबाइलवर व्हिडिओ घ्या, आधी ओडोमीटरचा आकडा दिसू द्या. मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवरून फिरलेल्या प्रतीवर 'ही कुठली?' असं विचारायला त्यांचा वकील मोकळा असतो. खरखरून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज असेल, पेडल खाली जात असेल किंवा ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल, तर मात्र ही चाचणीही करू नका. गाडी दुसऱ्या गाडीने ओढून, टोचन लावून न्या.

एक धोका तुमच्या लक्षात आलेला नाही. पुढच्या जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, रागाच्या भरात 'ब्रेक लागतच नाहीत' असं लिहू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार गाडीतला दोष माहीत असताना ती धोकादायक अवस्थेत चालवणं हा गुन्हा आहे आणि त्यातून अपघात झाला तर शिक्षा वाढते. शिवाय समोरचा विचारेल, 'लागतच नव्हते, तर कोल्हापूरपर्यंत आलात कसे?' जसं आहे तसं लिहा : 'रिव्हर्स घेताना ब्रेक दाबल्यावर आवाज. पॅड बदलूनही कायम. मागचे ड्रम उघडून तपासावेत.' त्याखाली त्यांची सही घ्या आणि फोटो काढा. तोवर बाहेरच्या गॅरेजात चाक उघडू नका, नाहीतर 'तिकडेच बिघडवलं' असं म्हणायला त्यांना वाव मिळेल.

मग डीलरला स्पीड पोस्टाने आणि ईमेलने १५ दिवसांची नोटीस पाठवा. मागण्या दोनच ठेवा : बिलाची रक्कम परत आणि मागच्या-पुढच्या ब्रेकची लेखी तपासणी, विनाशुल्क. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. तिथेही नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता तिथे, म्हणजे रत्नागिरीला, तक्रार करता येते, कोल्हापूरच्या तारखांना जायची गरज नाही. फी तुम्ही मोजलेल्या रकमेवर ठरते. पाच लाखांपर्यंत ती माफ असते आणि तुमचा वाद ६,८४० रुपयांच्या सेवेचा आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील लागत नाही. खरं सांगायचं तर माझी फी तुमच्या बिलाहून जास्त होईल.

कंपनीलाही गोवायचं असेल तर गाडीत मुळातच निर्मितीदोष आहे हे सिद्ध करावं लागेल. आयोग तज्ज्ञाकडून तपासणी मागवू शकतो, पण तिचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागतो. मागचे ड्रम उघडून काही निघालं तरच त्या वाटेला जा. पाच लाखांचा आकडाही काढून टाका. मनस्तापाची माफक रक्कम मागितलीत तर आयोग ती गंभीरपणे घेतो. पाच लाख वाचून मात्र पहिल्याच पानावर कपाळाला आठी पडते.

हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर डीलरला नाव घेऊन 'लुटारू' लिहिलंय, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी कळवलंय. ते आजच काढा. बदनामीची उलटी तक्रार हा त्यांना तुम्ही आयता दिलेला मुद्दा आहे.

जुने पॅड परत मागा. मिळाले तर धुवू-पुसू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तारीख टाकून कपाटात ठेवा. 'भंगारात गेले' म्हणाले, तर तेवढंच ईमेलवर लिहून मागा.