शारपेई म्हणजे 'सुरकुत्यावाला' का?

प्रश्न असा आहे की शारपेई (तोच तो चिनी कुत्रा, अंगभर वळ्या असलेला) या नावाचा अर्थ 'सुरकुतलेला' असा होतो का, आणि मराठीत शार पे, शार पै, शार पेई यातलं काय लिहायचं.

पहिल्याचं उत्तर, नाही. चिनीत हे नाव दोन चिन्हांचं आहे, पहिलं वाळूचं, दुसरं कातड्याचं. म्हणजे वाळूसारखं कातडं. सुरकुत्यांचा त्यात पत्ताच नाही, नाव पडलंय ते हाताला काय लागतं त्यावरून. याचे केस आखूड, ताठ आणि खरखरीत, मानेकडून शेपटीकडे हात फिरवला तर ठीक, उलटा फिरवलात तर सुताराकडचा पॉलिश पेपरच, काही जणांच्या अंगावर तर पुरळ उठतं. जातीच्या अधिकृत वर्णनातही केस खरखरीतच हवेत असं आहे. कधीकधी लांब मऊ केसांचं पिल्लू निघतं, त्याला 'बेअर कोट' (बेअर म्हणजे अस्वल) म्हणतात, दिसायला गोड असतं पण शोमध्ये चालत नाही, आणि नावाच्या हिशोबाने बघितलं तर बरोबरच आहे ते.

मग वळ्यांचं काय? तर पिल्लाला त्या भरपूर असतात आणि मोठं होता होता बऱ्याचशा जातात, उरतात त्या डोकं, मान आणि खांद्यापाशी. हा कुत्रा दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला, शेताची राखण करणारा, शिकारीला जाणारा, आणि झुंजीतही उतरवला जाणारा. सैल कातड्याचा तिथे उपयोग व्हायचा, समोरच्याने पकडलं तरी आतल्या आत वळून याला उलटा चावा घेता यायचा. १९४९ नंतर चीनमध्ये ही जात फार कमी होत गेली, मग १९७३ मध्ये हाँगकाँगच्या मॅटगो लॉ यांनी अमेरिकेतल्या कुत्रेवाल्यांना ही जात वाचवा म्हणून आवाहन केलं आणि पुढची पैदास मुख्यतः तिकडे झाली, थोबाड जाड होत गेलं, वळ्या वाढल्या. जुन्या चणीच्या कुत्र्याला 'बोन माउथ' म्हणतात आणि या नव्याला 'मीट माउथ'. जुना बघितलात तर ही तीच जात का असं विचाराल. या हौसेची किंमत कुत्रा मोजतो ते वेगळंच, २०११ च्या एका जनुकीय अभ्यासात हे जाड कातडं आणि या जातीत वारंवार येणारा ताप यांचा एकमेकांशी संबंध सापडला.

आता उच्चार. 'शार'मधला र मुळात नाहीच. इंग्रज लोक आपला र गिळतात, त्यामुळे लांब 'आ' दाखवायला स्पेलिंगमध्ये आर घालायची सवय, म्यानमारच्या शेवटचा र पण असाच आलाय, आणि आपण दोन्हीकडे तो इमानदारीत वाचतो. ग्वांगडाँगच्या कँटनीजमध्ये हे नाव साधारण 'साफेई' असं ऐकू येतं, मँडरिनमध्ये 'शाफी'. हो, फ. रोमन लिपीत पी लिहिलेला असला तरी तो महाप्राण आहे, दोन ओठ मिटून म्हटलेला फळातला फ, फॅनमधला नव्हे. म्हणजे मराठी माणसाला हे नाव मुळाबरहुकूम लिहिता येतं, इंग्रजीला नाही येत.

पण म्हणून उद्या 'साफेई' लिहायला लागू नका, व्हेटला सुद्धा कळणार नाही. रूढ झालंय ते शारपेई, तेच ठेवावं. इंग्रजी उच्चाराच्या जवळ जायचं तर शारपे, तेही चालेल, 'पै' मात्र कुठल्याच उच्चारात बसत नाही. आणि जोडून लिहा, कारण आपल्याला पुढे प्रत्यय लावायचे असतात, शारपेईला, शारपेईचं पिल्लू, दोन शब्द ठेवले की 'शार पेईंना' असलं काहीतरी विचित्र दिसतं. लिंग कुत्र्याप्रमाणे, तो शारपेई, ती शारपेई, अनेकवचनात बदल नाही.